तापातली आकडी : घाबरू नका, घड्याळ बघा

(गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेले भाषण)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेला माणूस. तरी हा विषय मला दिला, त्याचे कारण गेल्या वर्षीची आरती. आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. दीड वर्षाचा एक मुलगा आईच्या कडेवर होता. अंगात ताप होता, तो एकदम ताठ झाला, डोळे वर गेले आणि हातपाय झटकू लागला. टाळ्या थांबल्या. कुणी चप्पल हुंगवायला आणली, कुणी चमचा, कुणी तीर्थाचे भांडे घेऊन धावले. सगळ्यांच्या मनात मायाच होती, पण त्या गर्दीत बाळाला श्वास घ्यायला जागा उरली नाही. मुलगा सुखरूप आहे, आत्ताच मांडवात पळताना पाहिला. त्या वेळी मी मागून ओरडत होतो, "तोंडात काही घालू नका!" मी का ओरडत होतो, ते आज सांगतो.

माझी मुलगी आता दहावीला आहे. ती सव्वा वर्षाची असतानाची गोष्ट. ऑगस्ट महिना, बाहेर पाऊस. सकाळपासून सर्दी होती, अंग थोडे गरम होते. मी ड्यूटीवरून आलो, सौ.ने कुकर लावला आणि मुलीला माझ्याकडे दिले. माझ्या मांडीवरच तिला आकडी आली. ओठ निळसर झाले. माझ्या डोळ्यांदेखत पोर गेले, असेच मला वाटले. दातखिळी बसू नये म्हणून मी स्टीलचा चमचा तिच्या दातांत घातला. आकडी थांबली तेव्हा तोंडातून रक्त येत होते. समोरचा दुधाचा दात तुटला होता आणि ओठ फाटला होता. तिला जी इजा झाली ती आकडीने झाली नव्हती, माझ्या हाताने झाली होती.

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ चालली?" मी म्हणालो, "पंधरा-वीस मिनिटे तरी." सौ. शांतपणे म्हणाली, "कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्या होत्या." म्हणजे दोन-तीन मिनिटे. आमच्या खात्यात सिग्नल बिघडला की आधी रजिस्टरात वेळ लिहितात. वीस मिनिटे आणि दोन मिनिटे यांतला फरक किती मोठा असतो हे मला रोजच्या कामातून ठाऊक होते. घरी मात्र मी घड्याळाकडे पाहिलेसुद्धा नाही.

आता ही आकडी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयात मेंदूची वाढ चालू असते. काही मुलांचा मेंदू या काळात तापाला फार लवकर बिथरतो. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना असे होते, दीड वर्षाच्या आसपास सर्वात जास्त. बहुतेक वेळा कारण साधी सर्दी, घसा किंवा कान दुखणे असे किरकोळच असते. आई-वडिलांना किंवा भावंडांना लहानपणी झाले असेल तर शक्यता वाढते. पुष्कळदा ताप चढतानाच आकडी येते, इतकी की मुलाला ताप आहे हे आकडी आल्यावरच कळते. म्हणून "तुझे लक्ष कुठे होते?" असे त्या आईला कृपया कुणी विचारू नका. तापाचे औषध मुलाला बरे वाटावे म्हणून वजनाप्रमाणे जरूर द्यावे, पण ते वेळेवर दिले म्हणून आकडी टळतेच असे नाही. हे अभ्यासांतून दिसून आले आहे.

मेंदूवर परिणाम होईल का, ही प्रत्येक घरातली पुढची भीती. अमेरिकेत डॉ. कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी अशा १७०६ मुलांची सातव्या वर्षापर्यंतची माहिती अभ्यासली. १९७६ ते १९७८ या काळात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तापाच्या आकडीमुळे त्यांतले एकही मूल दगावले नव्हते. आधी निरोगी असलेली मुले बुद्धीने आपल्या भावंडांच्या बरोबरीचीच होती. आकडी पुन्हा येऊ शकते, साधारण तीनांतल्या एका मुलाला येते. पण ही मिरगी नव्हे. साधी आकडी आलेल्या शंभर मुलांपैकी एक-दोघांनाच पुढे मिरगी होते, आणि मिरगीवरही आज औषधे आहेत.

आता मुख्य गोष्ट, त्या दोन-तीन मिनिटांत काय करायचे. मुलाला जमिनीवर किंवा सपाट गादीवर एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ, उलटी बाहेर पडेल आणि घशात जाणार नाही. गळ्याजवळचे कपडे सैल करा. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा. घड्याळ बघा. दुसरे कुणी जवळ असेल तर त्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. आपण दहा वाक्यांत सांगू शकत नाही ते डॉक्टरांना त्यात दिसते. आणि थांबा. बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात.

काय करायचे नाही तेही ऐका. तोंडात चमचा, बोट, काहीही घालायचे नाही. जीभ गिळली जात नाही, ती भीती मनातून काढून टाका. पाणी, औषध, तीर्थ यातले काही पाजायचे नाही. मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तापाचे औषधही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांचा काही उपयोग नाही. थंड पाण्यात बुडवणे, बर्फ लावणे, डाग देणे हे तर अजिबात नाही. देवाचा अंगारा लावायचा असेल तर कपाळाला लावा, जिभेवर नको.

पाच मिनिटे झाली आणि आकडी थांबली नाही, तर मात्र वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या रुग्णालयात जा. ज्यांना लांबलेली आकडी एकदा येऊन गेली आहे, त्यांना डॉक्टर कधी कधी नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा फवारा लिहून देतात. तो घरी असेल तर कसा व किती वापरायचा हे आधीच नीट शिकून घ्या.

इथे कुणी म्हणेल, "साहेब, हे पुण्या-मुंबईत ठीक आहे, आपण गोरखपूरला राहतो." अगदी बरोबर. ताप आणि झटके म्हटले की इथल्या माणसाच्या काळजाचे पाणी होते. या भागात १९७८ साली जपानी मेंदूज्वराची मोठी साथ आली. २००५ मध्ये उत्तर प्रदेशात हजाराहून अधिक बळी गेले, त्यात बहुतेक मुले होती. अलीकडच्या वर्षांत लसीकरण, स्वच्छता आणि वेळेवर उपचार यांमुळे प्रमाण खूप खाली आले आहे. पण विसरून चालणार नाही.

मग फरक कसा ओळखायचा? साध्या आकडीनंतर मूल थोडा वेळ पेंगते, पण हळूहळू डोळे उघडते, आईला ओळखते, रडते. मेंदूज्वरात मूल शुद्धीवर येत नाही किंवा बरळते, आकडी पुन्हा पुन्हा येते, मान ताठ होते, उलट्या होतात, अंगावर लाल-जांभळे डाग येऊ शकतात. यातले काहीही दिसले, तासाभरात मूल नेहमीसारखे झाले नाही, झटके शरीराच्या एकाच बाजूला आले, चोवीस तासांत दुसऱ्यांदा आले, किंवा मूल सहा महिन्यांपेक्षा लहान अथवा पाच वर्षांपेक्षा मोठे असेल, तर रात्रीचे किती वाजले हे न बघता रुग्णालयात न्या. आणि आकडी आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर मूल हसत-खेळत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. साधी की गंभीर, हा निकाल त्यांनी द्यायचा. जपानी मेंदूज्वराच्या लशीचे दोन डोस आपल्या जिल्ह्यात मोफत मिळतात, पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. आकडी येऊन गेली म्हणून लस टाळू नका, डॉक्टरांना तसे सांगून द्या.

आता रेल्वेचा माणूस म्हणून एक सांगतो. आपण गावी जातो तो प्रवास एक दिवसाहून मोठा. लहान मूल बरोबर असेल तर थर्मामीटर आणि तापाचे औषध सामानाच्या पेटीत नको, हातातल्या पिशवीत ठेवा. गाडीत आकडी आली तर खालच्या बर्थवर कुशीवर झोपवा, १३९ ला फोन करा, टीसींना कळवा. पुढच्या सोयीच्या स्टेशनवर डॉक्टर बोलावण्याची व्यवस्था त्यातून होते. घाबरून मधेच साखळी ओढू नका. रानात थांबलेल्या गाडीजवळ डॉक्टर येऊ शकत नाही, चालत्या गाडीतून मात्र आपण डॉक्टरच्या जवळ जात असतो.

शेवटी एकच. माझ्या मुलीला दोन वर्षांची असताना पुन्हा आकडी आली. तोपर्यंत आम्ही शिकलो होतो. मी तिला कुशीवर धरले, सौ.ने भिंतीवरचे घड्याळ पाहिले. एक मिनिट चाळीस सेकंद. भीती तेवढीच वाटली, हात माझे थरथरत होते, पण त्या हातांनी या वेळी काही चुकीचे केले नाही. नंतर तिला कधीच आकडी आली नाही. "मुलीची जात आहे, कुणाला सांगू नका, लग्नाला अडचण येईल," असे तेव्हा काही नातेवाईक म्हणाले होते. आज मी तिच्या परवानगीने, ती इथे बसलेली असताना, हे सांगतो आहे. लपवल्यामुळे पुढच्या घरातला बापही चमचाच शोधत बसतो.

उद्या या मांडवात पुन्हा असा प्रसंग आला, तर दोन पावले मागे सरका, बाळाला हवा मिळू द्या आणि एकाने घड्याळ बघा. एवढे लक्षात राहिले तरी माझे बोलणे कारणी लागले.

गणपती बाप्पा मोरया!