श्रावक आणि नागरिक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेत आतापर्यंत विद्वान मंडळींनी आगम, कर्मसिद्धांत व तीर्थक्षेत्रांचा इतिहास या विषयांवर आपणास पुष्कळ दिले. मी सांगलीच्या कापडपेठेतला एक व्यापारी. माझ्या वाट्याला 'लोकशाहीतील श्रावकाचे स्थान' हा विषय आला. तो मी मला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे हिशेबाच्या भाषेत मांडणार आहे.

आपल्या ट्रस्टची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवून पाहा. अहवालाची प्रत हाती पडताच आपले सभासद शेवटचे पान आधी उघडतात. किरकोळ खर्चात अकराशे रुपये जास्त का दिसतात, मांडवाचे दरपत्रक किती जणांकडून मागवले, ठेवीचे व्याज कोणत्या बँकेत जमा झाले, असे प्रश्न सुरू होतात आणि जेवणाची वेळ टळून जाते. कोषाध्यक्षांना कधी कधी याचा त्रास होतो, पण मला या सभेचा अभिमान वाटतो. सन १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब तपासून घेणे बंधनकारक केले आहेच. कायदा नसता तरी आपल्या माणसांनी तो तपासलाच असता.

हीच माणसे आपल्या महानगरपालिकेच्या हिशेबाविषयी मात्र काही विचारीत नाहीत. ट्रस्टच्या अंदाजपत्रकापेक्षा कित्येक पटींनी मोठे अंदाजपत्रक त्या इमारतीत मंजूर होते. त्यात आपली घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, आपल्या दुकानासमोरचा रस्ता असतो. ते अंदाजपत्रक आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? हात वर करण्यास मी सांगत नाही.

सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ अडीच वर्षे आपल्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. राज्यातील बहुतेक महानगरपालिकांची हीच स्थिती होती. आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, नंतर ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घातली, तेव्हा कुठे मतदान झाले. या काळात कारभार प्रशासकांकडे होता. प्रस्ताव मांडणारे तेच आणि सभागृहाच्या जागी बसून तो मंजूर करणारेही तेच. अधिकारी कितीही सचोटीचे असोत, कोषाध्यक्षांनीच जमाखर्च लिहायचा, त्यांनीच तपासायचा आणि त्यांनीच मंजूर करायचा, ही पद्धत आपल्या ट्रस्टमध्ये एक महिना तरी चालू दिली असती का? शहरात ती अडीच वर्षे चालली, आणि पेठेत तिची चर्चा झाली ती फार तर गटार तुंबल्यावर, 'आता सांगायचे कोणाला' एवढ्यापुरती.

व्यापारी वर्गाला आंदोलन करता येत नाही असे कोणी म्हणू नये. जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तेव्हा २०१३ साली राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, मोर्चे काढले, निवेदने दिली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांचा तो कर गेला. पुढे २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उरलासुरला प्रश्नही मिटला. व्यापारी म्हणून मला त्याचे समाधान आहे, कारण त्या कराची कागदपत्रे सांभाळणे हाच एक स्वतंत्र धंदा झाला होता. तथापि या विजयाची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. जकात ही शहराची स्वतःची कमाई होती. ती गेल्यावर महानगरपालिका राज्य सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसू लागल्या. आणि ज्या दिवशी आपण थेट कर भरणे थांबवले, त्या दिवशी 'माझ्या पैशाचे काय केले' असे विचारणारा मोठा वर्गही नाहीसा झाला. खिशाला झळ लागली तेव्हा आपण नागरिक झालो, झळ थांबताच पुन्हा गिऱ्हाईक झालो.

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते. आम्ही राजकारणात पडत नाही, आम्ही दानधर्म करतो. दानाविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून त्या पाण्याची कल्पना यावी. पेठेतील दुकानांत गाठोडीच्या गाठोडी चिखल झाली. त्या दिवसांत ज्यांचा स्वतःचा माल बुडाला होता अशा घरांतूनही पूरग्रस्तांसाठी भाकरी जात होत्या. आपल्या समाजाने अन्न दिले, पांघरुणे दिली, औषधे दिली. याबद्दल जेवढे बोलावे तेवढे थोडे आहे.

परंतु २००५ साली पूर आला होता, २०१९ साली आला आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा आला. पुराची निळी रेषा व लाल रेषा आखलेली असते. त्या रेषांच्या आत कोणती बांधकामे झाली, कोणते नाले बुजवले गेले, शहराच्या विकास आराखड्यात त्या जमिनी कोणत्या रंगात दाखवल्या, हे प्रश्न कोण विचारणार? २०१९ च्या पुरानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली आणि तिने २०२० मध्ये अहवाल दिला. त्यातील किती शिफारशी अमलात आल्या, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून विचारता येते, आणि तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. दहा रुपयांचा हा अर्ज म्हणजे मला दानाइतकेच पुण्याचे काम वाटते. दानाने या वर्षीचा भुकेला जेवतो. नाला मोकळा झाला तर पुढच्या वर्षी त्याच्यावर भिक्षेची वेळच येत नाही.

नागरिकांच्या अशा कागदांनी काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी मुंबईचे एक उदाहरण देतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. नागरिकांनी नकाशे मांडून बसून आपापल्या गल्लीतल्या चुका शोधल्या. असलेली मंदिरे व चर्च नकाशात नाहीत, जुन्या वास्तूंवरून रस्ते काढले आहेत, अशा हरकतींचा ढीग पडला आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. हरकत घेण्याचा हा हक्क सन १९६६ च्या नगररचना कायद्याने आपल्या शहरातील प्रत्येकासही दिला आहे. हरकत लेखी घेतली की सुनावणीला बोलवावे लागते. ती मात्र मुदतीत हवी. मुदत टळल्यावर चौकात केलेले भाषण दप्तरी लागत नाही.

धर्माचा आणि याचा संबंध काय, असे कोणी विचारील. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत 'हीनाधिकमानोन्मान' म्हणजे खोटे माप आपल्या सर्वांना ठाऊक आहे, कापडवाल्याला तर फारच. त्याच यादीत 'विरुद्धराज्यातिक्रम' आहे, म्हणजे राज्याचे नियम डावलून केलेला व्यवहार. जेव्हा राजा होता तेव्हा नियम पाळला की श्रावकाचे कर्तव्य संपत असे. आज राज्याचा मालक आपण स्वतः आहोत. ज्या दुकानाचे आपण भागीदार, तिथे दुसऱ्याने खोटे माप लावले आणि आपण पाहत राहिलो तर व्रत अखंड राहिले असे कसे म्हणावे? आपल्या पूर्वजांना हे कळले होते. १८९९ साली स्थापन झालेल्या आपल्या सभेच्या आरंभीच्या धुरीणांपैकी अण्णासाहेब लठ्ठे १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती सर्व जातींच्या मुलांसाठी. हे दोघे समाजाचे होतेच, पण समाजापुरते नव्हते.

हे शेवटचे वाक्य मी विचारपूर्वक उच्चारले. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर आपला समाज दोन विषयांवर रस्त्यावर दिसला. मुंबईत दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, तेव्हा ६ ऑगस्ट रोजी जमावाने ती ताडपत्री फाडली. प्रकरण उच्च न्यायालयात असताना हे घडले. जीवदया हा आपला प्राण आहे, परंतु समोरची माणसे फुप्फुसाच्या आजाराविषयी बोलत होती. तीही जीवांचीच गोष्ट होती. अनेकान्त मानणाऱ्यांनी तरी ती पूर्ण ऐकून घ्यावयास हवी होती. त्या दिवशी आपल्या मागणीच्या बाजूने शेजारी उभे नव्हते, हे मला ताडपत्रीपेक्षा अधिक लागले.

त्याच आठवड्यात शेजारच्या शिरोळ तालुक्यात वेगळे चित्र होते. नांदणी मठाची हत्तीण महादेवी न्यायालयाच्या आदेशाने वनताराला गेली. २८ जुलैच्या रात्री तिला नेताना पोलिसांच्या वाहनांवर दगडफेक झाली, ती गैरच होती. परंतु ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत जी मूक पदयात्रा निघाली तीत सर्व जातिधर्मांची माणसे शांतपणे चालली. त्यानंतर मठ, राज्य शासन आणि वनतारा एकत्र बसले व न्यायालयात जाण्याचा मार्ग ठरला. न्यायालयाने हत्तिणीच्या प्रकृतीविषयी जे म्हटले त्याचा विचार अहिंसा मानणाऱ्यांनी टाळू नये, असे माझे मत मी तेव्हाही मांडले होते व काहींना ते रुचले नव्हते. पण शेजारी आपल्याबरोबर का चालले? कारण गावाच्या सुखदुःखात मठ पिढ्यान्‌पिढ्या होता. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात आपण साधारण साडेचव्वेचाळीस लाख, म्हणजे शंभरात अर्धाही नाही. केवळ आपल्याच मागणीसाठी बाहेर पडणारा एवढा लहान समाज एकटाच पडणार. शेजारच्या गल्लीला पाणी येत नाही म्हणून जो त्यांच्याबरोबर निवेदन घेऊन गेला, त्याच्या मागणीला उद्या ते येतील.

आता व्यवहाराचे दोन शब्द. जानेवारीच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर जाऊन परत आलेली आपली काही मंडळी होती, नाव यादीत नाही म्हणून. ती यादी १ जुलै २०२५ च्या विधानसभा यादीवरून केलेली होती, त्यामुळे नंतर केलेल्या अर्जाचा तेव्हा उपयोग नव्हता. यादी निवडणूक जाहीर होण्याच्या आधी पाहायची असते. नवीन नावासाठी फॉर्म सहा, पत्ता बदलला असल्यास किंवा नावात चूक असल्यास फॉर्म आठ. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे अजून माहेरच्या गावी आहेत, तिकडे विशेष लक्ष द्यावे. आता एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक असतात आणि काम विचारले की एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. यासाठी चौघांनाही एकत्र बोलवावे, आणि तेही मंदिराच्या कामासाठी नव्हे, प्रभागाच्या कामासाठी. विश्वस्तांनी परवानगी दिल्यास दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवचनानंतर ट्रस्टच्या कार्यालयात फॉर्म आणि महानगरपालिकेचे अंदाजपत्रक घेऊन मी बसेन. चष्मा आपापला आणावा, अक्षर बारीक आहे.

जय जिनेंद्र.