ओटा : आधी उंची, मग दगड
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहबाईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘स्वयंपाकघरातला ओटा’ असे सांगितले. तो वहीत टिपून घेताना त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. या व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, मधुमेह झाला, मृत्युपत्र कसे करावे हेही झाले. त्या पंक्तीला ओटा कसा बसायचा, ही त्यांची शंका रास्तच होती. पण आपल्या आजूबाजूला जुन्या इमारती पाडून नव्या उठत आहेत, आणि ज्या उभ्या आहेत त्यांतही घरोघरी स्वयंपाकघरे उकरली जात आहेत. ज्या घरी नवा ओटा व्हायचा आहे त्या घरच्या बाईला महिनाभर धड झोप नाही, हे मी पाहते आहे. काळा घ्यावा की पांढरा? ग्रॅनाइट की क्वार्ट्झ? शेजारीण एक सांगते, नणंद दुसरे सांगते, फोनवरची चित्रे तिसरेच दाखवतात. साडी मनातून उतरली तर बोहारणीला देऊन एखादे पातेले तरी पदरात पडते. ओटा मात्र कोणतीच बोहारीण नेत नाही! एकदा बसला की वीस-पंचवीस वर्षे त्याच्याशीच संसार. तेव्हा काळजी वाटते यात नवल नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपण काळजी करतो ती रंगाची, आणि जिची करायला हवी ती उंची कोणी तरी भलताच ठरवून जातो.

चूल जमिनीवर होती तोवर हा प्रश्नच नव्हता. पाटावर बसायचे, विळी पुढ्यात घ्यायची, परात डाव्या हाताला. गुडघ्यांचा आणि डोळ्यांचा त्यात निकाल लागे, त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. मग स्टोव्ह आला, गॅस आला, बाई उभी राहिली आणि उभ्याचा ओटा झाला. पण त्याची उंची ठरवली कोणी? गवंडी विचारतो, “साहेब, ओटा किती ठेवू?” आणि ज्यांनी चहापलीकडे त्या ओट्यावर काही केलेले नसते ते साहेब सांगतात, “नेहमीचा ठेवा.” हा ‘नेहमीचा’ म्हणजे कोणाचा? आपल्यात चार फूट दहा इंचांच्या भगिनी आहेत, तशाच साडेपाच फुटांच्याही आहेत. एकीला खांदे उचलून कणीक मळावी लागते, दुसरीला कंबरेतून वाकून भाजी चिरावी लागते. संध्याकाळी दोघी मलम चोळतात आणि म्हणतात, वय झाले!

मोजण्याची रीत सोपी आहे. घरात ज्या चपला घालता त्या घाला, सरळ उभ्या राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत जी उंची येईल तिच्यातून तीन ते चार इंच वजा करा. चिरणे, निवडणे, लाटणे या कामांना तो ओटा ठीक. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर साधारण 37 ते 38 इंचांवर येते, म्हणजे तिला 33 ते 34 इंच पुरे. साडेपाच फुटांच्या मुलीला 37 इंचही जड नाहीत. कणकेला अंगाचा जोर लागतो, म्हणून ती आणखी खालीच बरी. जेवणाचे टेबल बहुधा 30 इंचांच्या आसपास असते, परात तिथे नेऊन पाहा. गॅसची शेगडी ओट्याच्या वर आणखी चार-सहा इंच चढते, त्यावर मोठे पातेले. बुटक्या बाईला त्याच्या तळाशी काय लागते आहे ते दिसतच नाही, वासावरून कळते. जागा असेल तर शेगडीचा तुकडा चार इंच खाली घ्यायला सांगा. गवंडी “असे कोणी करत नाही” म्हणेल. म्हणू द्या.

सासू ठेंगणी आणि सून उंच, असे असेल तर? ज्या बाईचे तास ओट्यापाशी जास्त जातात तिचे कोपर मोजावे. ठेंगणीला उभे राहायला पाट देण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला पसंत नाही. हातात उकळते पातेले आणि पायाखाली पाट हा मेळ वाईट. उंच असेल तिने चिरायला दोन इंच जाडीचा लाकडी पाट ओट्यावर ठेवावा. आणि मुलगा किंवा यजमान स्वयंपाक करणारे असतील तर त्यांचेही कोपर अवश्य मोजा. मोजपट्टी लावल्यावर किती जण उत्साहाने पुढे येतात ते कळेलच.

जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरासाठी 1926 साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पकार बाईने हजारो घरांना पुरेल असे एक स्वयंपाकघर बेतले. बाईची पावले किती पडतात, हात कुठवर पोचतो याचा त्यात विचार होता, आणि बसून काम करायला एक फिरते स्टूलही होते. स्टूल! आपल्याकडे ओट्यापाशी बाई बसलेली दिसली की तिला बरे नाही असे समजतात.

दोन बारीक गोष्टी सांगते. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवणार असाल तर जमीन इंचभर वर येते आणि ओटा तेवढाच बुटका होतो. माप नव्या फरशीपासून घ्या. आणि ओट्याखाली ट्रॉल्या करताना तळाशी पायांना तीन इंच आत जागा सोडायला लावा. पाय आत गेले नाहीत की बाई ओट्यापासून लांब राहते, आणि कंबर वाकतेच.

आता दगड. आपला जुना कडप्पा आंध्रातला, शहाबादी कर्नाटकातली. दोन्ही चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच कुळातला. चुनखडीचे आणि आंबटाचे हाडवैर आहे. लिंबू, चिंच, आमसुलाचे पाणी सांडले की काळ्या कडप्प्यावर पांढुरके चट्टे उठतात. तेलाचा बोळा फिरवला की तो पुन्हा काळा दिसतो, पण तेवढ्यापुरताच. संगमरवरावर लाटायला सुख आहे, पण ज्या घरी रोज सोलकढी होते त्या घरी त्याचे तेज टिकणार नाही. ग्रॅनाइटला लिंबाची पर्वा नाही आणि गरम कुकरचीही फारशी नाही. त्यातला फिकट रंगाचा मात्र तेल पितो, आणि तेलाबरोबर हळदही. दुकानातून तुकडा मागून आणा. एका बाजूला हळद कालवलेले तेल रात्रभर ठेवा, दुसऱ्या बाजूला लिंबू पिळा. सकाळी दगड स्वतःच बोलेल. फार स्वस्तात कुळकुळीत काळा मिळत असेल तर पांढऱ्या फडक्यावर नखांचा रंग काढायचे पाणी घेऊन घासून पाहा. फडके काळे झाले तर तो रंग दगडाचा नव्हे. पांढऱ्यावर हळद दिसते, काळ्यावर मोहरी आणि मुंग्या दिसत नाहीत. ज्याची त्याची आवड.

क्वार्ट्झ म्हणून जो मिळतो तो खाणीतून तसाच निघत नाही. क्वार्ट्झच्या दगडाचा चुरा, बहुधा नव्वद टक्क्यांच्या वर, रेझिनमध्ये घट्ट बसवून त्याच्या लाद्या करतात. रंग एकसारखा, पाणी पीत नाही. पण रेझिनला उष्णता सोसत नाही. फोडणीची कढई उचलून शेजारी टेकवायची आपल्या हाताला सवय. त्या जागी कायमचा डाग पडतो.

आणि त्याबद्दलची दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही. हा दगड कोरडा कापला की सिलिकाची अतिबारीक धूळ उडते. ती छातीत गेली की फुप्फुसे कठीण होत जातात. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियात दगड कापणारे तरुण कामगार या रोगाने आजारी पडू लागले, तेव्हा तिथल्या सरकारांनी 1 जुलै 2024 पासून हा कृत्रिम दगड बनवणे, विकणे आणि बसवणेच बंद केले. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण बरीच कमी. आपल्याकडे काय दिसते? विशीतला पोरगा तोंडाला रुमाल बांधून बंद खोलीत यंत्र चालवतो आहे, आणि आपण बाहेरून ओरडतो, “अरे, दार लाव, हॉलमध्ये धूळ येते!” ती धूळ त्या रुमालाला जुमानत नाही. म्हणून पैसे ठरवतानाच बजावा: कापायचे ते कारखान्यात, पाणी सोडून, सिंकचे आणि शेगडीचे माप आधी द्यायचे, घरी थोडे कापावे लागले तर गॅलरीत, पाण्याच्या धारेखाली आणि तोंडाला धूळ अडवणारा चांगला मुखवटा लावून. चार पैसे जास्त पडतील. रंगासाठी आपण मोजतोच की.

बसवताना तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहा. दगड तडकतो तो सिंकच्या पुढच्या-मागच्या चिंचोळ्या पट्टीत. तिथे खालून आधार आहे ना, हात घालून पाहा. नारळ फोडायचा आणि खलबत्ता कुटायचा तो आधाराच्या वर, मध्यावर कधीही नाही. पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारायला सांगा, म्हणजे सांडलेले पाणी तिथेच गळते, ट्रॉल्यांत शिरत नाही. ओट्याला सिंककडे किंचित उतार हवा. पाणी ओतून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. जुन्या कडप्प्याच्या लाद्या भंगारात घालू नका. गॅलरीत कुंड्यांखाली त्या छान बसतात.

मोजपट्टी मी बरोबर आणली आहे. ज्यांचे काम दिवाळीपूर्वी निघायचे आहे त्यांनी चहा झाल्यावर चपला घालून थांबावे, म्हणजे कोपरे मोजून टाकू.