शेवटचें ताट

आहाराविषयीं बोलणारा बहुधा जीवनसत्त्वांच्या नांवांपासून आरंभ करतो आणि ऐकणारा तेथेंच कंटाळतो. मी आज आरंभ करणार आहें तो एका ताटापासून. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यांत घरोघरीं जें सर्वांच्या शेवटीं वाढलें जातें, त्या गृहिणीच्या ताटापासून.

या भागांत घराचें घड्याळ पाळीवर चालतें. पहिल्या पाळीचा माणूस चहा-खारी घेऊन उजाडण्यापूर्वींच कंपनीच्या बसची वाट पाहात चौकांत उभा असतो. दुसऱ्या पाळीचा मध्यरात्रीच्या सुमारास परततो. मुलांच्या शाळेची वेळ आणखी निराळी. प्रत्येकाची वेळ सांभाळणारी जी, ती स्वतः मात्र उरलेंसुरलें, केव्हां तरी, उभ्याउभ्याच खाते. कामगाराच्या जेवणाचा विचार कायद्यानें पूर्वींच केला. अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस उपाहारगृह सक्तीचें करण्याचा अधिकार १९४८ च्या कारखाने अधिनियमानें राज्य सरकारांस दिला. घरच्या ताटाला असा कायदा नाहीं, आणि तें तपासावयास कोणी निरीक्षकही येत नाहीं.

याचा हिशेब रक्तांत उमटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हें प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होतें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकांत पुरुषास दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितलें आहे, तर स्त्रीस २९. म्हणजे जिची गरज दीडपट, तिचें ताट शेवटचें! लवकर थकवा येणें, जिना चढतांना धाप लागणें, हें सारें आपण ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देतों. अशी स्त्री गरोदर राहिली तर उणीव तिच्यापाशींच थांबत नाहीं. मूल कमी वजनाचें जन्मण्याचा धोका वाढतो.

उपाय महागडा आहे असें मात्र नव्हे. खेड-शिरूरकडची बाजरी आपल्या दारची. शंभर ग्रॅम बाजरींत सुमारें सहा मिलिग्रॅम लोह असतें. सडलेल्या पांढऱ्या तांदळांत एकही नसतें. मावळच्या इंद्रायणी भाताचा सुवास मलाही मोह घालतो, आणि भात सोडा असें मी म्हणणार नाहीं. पण नोकरीनिमित्त गांव सोडून आलेल्या कुटुंबानें भाकरीही गांवींच ठेवून यावी, आणि तिच्या जागीं पाव व बिस्किटें आणावीं, हा सौदा तोट्याचा आहे. भाकरीसोबत कांदा फोडण्याच्या रीतीलाही आधार सांपडला आहे. कांदा व लसूण यांच्या सान्निध्यांत धान्यांतील लोह व जस्त शोषणास अधिक सुलभ होतात, असें म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांस प्रयोगशाळेंत आढळलें; तें काम २०१० सालीं प्रसिद्ध झालें. चाकणच्या बाजारांतील कांद्याला याहून चांगलें प्रशस्तिपत्र कोणतें!

धान्याला डाळीची जोड हवी, कारण धान्याच्या प्रथिनांत जें उणें असतें तें डाळ भरून काढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ मध्यें दोन हजार उष्मांकांच्या दिवसासाठीं मोजून दिलेलें माप असें: धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५, भाज्या ४००, फळें १००, आणि दूध ३०० मिलिलिटर. आपल्या घरांत धान्याचें माप सहज भरतें. चुकतें तें डाळीचें आणि भाजीचें. घरांत चौघांना पुरेल एवढी मटकीची उसळ केली तर चौथी वाटी खरोखर कोणाच्या पोटांत गेली, हें एकदां पाहावें.

आतां चहा. येथें मी अप्रिय होणार, हें जाणतों. पोह्यांवर आपण लिंबू पिळतों. तें केवळ शोभेसाठीं नव्हे, लिंबांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळें धान्यांतलें लोह शरीरांत अधिक मुरतें. आणि लगेच त्यावर कपभर चहा घेऊन त्यांतील टॅनिननें तोच लाभ बराचसा घालवितों. चहा सोडावयास नको. जेवणाच्या व न्याहारीच्या आधीं व नंतर तासभर तो दूर ठेवला म्हणजे पुरे. रात्रपाळीच्या माणसाला हें कठीण जाईल. घरीं असणाऱ्या बाईला तितकें जाऊं नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रक्तक्षय एकदां जडला म्हणजे नुसत्या भाकरीनें तो हटत नाहीं; रक्त तपासून वैद्यानें दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. आहार तो पुन्हां येऊं नये म्हणून.

मग घरांत करावयाचें काय? सकाळीं पहिल्या पाळीचा डबा भरतांना आणखी एक डबा भरावा: भाकरी, उसळ, पालेभाजी, लिंबाची फोड. त्यावर झांकण ठेवून तो फळीवर ठेवावा. सासूबाईंनीं, मुलांनीं, पाळीवरून आलेल्या यजमानांनीं त्याला हात लावूं नये. पाहुणे आले तर नवी भाकरी थापावी, आणि ती कोणीं थापावी हें ज्याचें त्यानें ठरवावें. डबा मात्र तिचा.