विश्वास : संस्थेचे खरे भांडवल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त यवतमाळ येथे विश्वस्त व कर्मचारी यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



‘विश्वस्त’ या शब्दातच विश्वास सामावलेला आहे. समाज ज्यांच्या हाती आपले धन निःशंकपणे सोपवितो, ते विश्वस्त. पन्नास वर्षे आपण हा विश्वास सांभाळला, याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन! परंतु आज मला एक निराळा प्रश्न मांडावयाचा आहे. समाजाने जो विश्वास आपल्यावर टाकला, तोच आपण आपल्या सहकाऱ्यांवर टाकतो काय?

या संदर्भात उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र बोलके आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते अध्यापन करीत असत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व बेळगावची वाट धरली. गुणांची कदर न होणे किती जिव्हारी लागते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

पुढे १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथे माणसे निवडताना त्यांनी प्रमाणपत्रापेक्षा अंगची कुवत पाहिली. शिक्षण अर्धवट राहिलेल्या अनंतराव फळणीकरांच्या हाती त्यांनी यंत्रकामातील मोठी जबाबदारी दिली. एवढेच नव्हे, तर गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्या भीतीने लोक दारे लावून घेत, त्यांच्याच भरवशावर वसाहतीतील बायकामुले निर्धास्त झोपू लागली. आधी पात्रता सिद्ध करा, मग विश्वास ठेवू, असे आपण म्हणतो. लक्ष्मणरावांनी विश्वास आधी ठेवला आणि पात्रता त्यातून निर्माण झाली.

आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे आनंदवन हेच सांगते. १९५१ साली बाबा आमटे यांनी मोजक्या कुष्ठरुग्णांसह तेथे काम आरंभिले. समाजाने टाकलेल्या या माणसांना त्यांनी दयेचे धनी न मानता कामातील सोबती मानले. त्यांनीच विहीर खोदली, शेती पिकविली आणि पुढे परिसरातील मुलांसाठी महाविद्यालयाची इमारतही उभारली. दयेने पोट भरते. मान ताठ होते ती मात्र जबाबदारीने.

कोणी विचारील, विश्वास म्हणजे डोळेझाक काय? मुळीच नव्हे. कापसाच्या या जिल्ह्यात वजनकाट्याचे महत्त्व मी काय सांगावे! माल कोणाचाही असो, काट्यावर चढतोच. त्यात कोणाचा अपमान होत नाही. मात्र एकाची गाडी मोजायची आणि दुसऱ्याची तशीच सोडायची, असे झाले की मने दुखावतात. संस्थेतही तसेच आहे. रोखपालाची वही तपासली जाते, तशी पदाधिकाऱ्यांच्या प्रवासखर्चाची पावतीही तपासली जावी. सर्वांना सारखा असलेला हिशेब विश्वासाला मारक ठरत नाही, उलट प्रामाणिक माणसाची ती ढालच असते.

आदराच्या वाटा तर अगदी साध्या आहेत. चूक एकांतात सांगावी, कौतुक चारचौघांत करावे. जो काम करतो त्याला त्या कामाविषयीचा निर्णय घेण्यापूर्वी विचारावे. ज्याच्या कल्पनेने काम सुकर झाले, त्याचे नाव सभेत घ्यावे. कपाटातील रक्कम जुळेना, की पहिली नजर शिपायाकडे वळते. रक्कम नंतर कागदांत सापडते, पण त्या नजरेची जखम भरून येत नाही. म्हणून शंका आली तरी शोध आधी कागदांचा घ्यावा, माणसाचा नव्हे.

हे सारे केवळ वरिष्ठांसाठी नाही. सहकारी रजेवर असताना त्याच्या माघारी आपण काय बोलतो, यावर त्याचा आपल्यावरील विश्वास अवलंबून असतो. दिलेला शब्द, पाळलेली वेळ आणि राखलेले गुपित, या तीन गोष्टींनी तो रोज थोडा थोडा साठत जातो.

बंधू-भगिनींनो, इमारती देणग्यांतून उभ्या राहतात. संस्था मात्र परस्परांच्या भरवशावर उभ्या राहतात. सुवर्णमहोत्सवाच्या हिशेबात शिलकीच्या रकमेसोबत एक प्रश्नही मांडावा : येथील सर्वांत कनिष्ठ सेवकाला ही संस्था आपली वाटते काय? त्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर शताब्दीची चिंता नको.