हप्ता थकला, तर आधी विचारा

बचत गटाची तपासणी आपल्याला नवी नाही. पंचसूत्री तर पाठच आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पूर्ण दप्तर. यावर गटाला गुण मिळतात. बँक कर्ज देताना हेच बघते.

मागच्या वर्षी आमच्या एका गटाचे गुण घसरले. एका ताईंचे तीन हप्ते थकले होते. भर बैठकीत त्यांचं नाव वाचलं. कुणीतरी बोललं, "तुमच्यामुळं गटाचं नाव गेलं." पुढच्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. घरी गेलो तेव्हा कळलं, कर्ज काढून घेतलेल्या दोन्ही शेळ्या मेल्या होत्या. आम्ही समन्वयक असून गुणच मोजत बसलो होतो.

मग तपासणी बंद करायची का? नाही. त्याच तपासणीत दुसऱ्या एका गटात बचत दिलेली, पण वहीत न चढलेली सापडली. दप्तर कुणी बघितलं नाही, तर आपलाच पैसा बुडतो.

म्हणून आम्ही रीत बदलली. हप्ता थकला की आधी दोघीजणी घरी जातो, अडचण विचारतो. मग बैठकीत हप्ता लहान करून ठराव लिहितो. त्या ताई आता थोडे थोडे पैसे भरतात, बैठकीलाही येतात.

तुमच्या गटात पुढच्या वेळी कुणाचं नाव वाचण्याआधी तिच्या घरी एक चक्कर मारा.