वस्तरा आणि पावसाळा

पुष्कळ घरांत आजोबांच्या वेळचा एखादा वस्तरा ट्रंकेच्या तळाशी पडलेला असतो. तो कोणी वापरीत नाही आणि कोणाला टाकवतही नाही. पावसाळा सरल्यावर सहज उघडून पाहावा, तो पात्यावर तांबूस ठिपके उमटलेले! आपण हवेला दोष देतो. हवा दोषी आहे खरी. पण तिला वाट बहुधा आपणच मोकळी करून दिलेली असते.

जुन्या काळी इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन ही गावे वस्तऱ्यांसाठी नावाजलेली होती. या वस्तऱ्यांच्या पोलादात सुमारे एक टक्का कार्बन असतो. त्यामुळे धार तीक्ष्ण होते व टिकते. परंतु गंजाला अडविणारे क्रोमियम त्यात नसल्यासारखेच. हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफील्डमध्येच १९१३ साली क्रोमियमयुक्त, न गंजणारे पोलाद तयार केले. तरी त्यानंतरही बरेच वस्तरे साध्या पोलादाचेच घडत राहिले.

गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांचा संयोग. हे पाणी डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पात्यावर ओलाव्याचा अदृश्य थर बसू लागतो. गोव्यात आणि बेळगावकडे आषाढ-श्रावणात ती याहून पुष्कळच वर असते. बोटांच्या घामातील मीठ तिला साहाय्य करते. शिवाय गंज सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि आतले पोलाद खात राहतो. पात्याच्या मधोमध डाग पडला तर निभावून जाते. पण धार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असते. तेथे सुईच्या अग्राएवढा खड्डा पडला तरी दगडावर धार लावताना त्या जागी खांडा पडतो.

म्हणून वस्तरा वापरल्यावर साबण धुऊन काढावा आणि पाते मऊ सुती फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसावे. धारेच्या उलट दिशेने कधीही नव्हे. मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये आणि खिळ्याच्या सांध्यात पाणी दडून बसते, तेही टिपून घ्यावे. मग वस्तरा तास-दोन तास उघडाच ठेवावा. तो न्हाणीघरात मात्र ठेवू नये.

महिनोन् महिने ठेवावयाचा असल्यास पाते स्पिरिटने पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा, सांध्यात एक थेंब सोडावा. त्यानंतर पात्यास बोट लावू नये. खोबरेल घरात हाताशी असते. पण ते कालांतराने खवट होते व त्यात आम्ल वाढते. जवसाचे तेल सुकून चिकट पापुद्रा धरते. ही दोन्ही टाळावीत. मग वस्तरा तेल लावलेल्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा व सोबत सिलिका जेलची पुडी टाकावी. चामड्याचे म्यान दिसावयास देखणे, परंतु ते ओल शोषून घेते. तेव्हा वस्तरा त्यात साठवू नये.

आणखी एक सावधगिरी. काही जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात. हे द्रव्य जुने होऊन कुजू लागले की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात व त्या पात्यास गंजवितात. मूठ तडकू लागली, कापरासारखा वा आंबूस उग्र वास येऊ लागला, तर तो वस्तरा बाकीच्यांपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा. अशाला बंद डबा घातकच.

गंज चढलाच तर? काळपट छटेला भिण्याचे कारण नाही. तांबड्या भुकटीला भ्यावे. तेल लावून ती मऊ फडक्याने हलकेच काढावी. तांब्याची भांडी लखलखीत करणारी चिंच येथे उपयोगाची नाही, कारण तिचे आम्ल पोलादास खाते. काचकागदही नको.

संत सेना महाराजांनी आपल्या अभंगात धंद्यातील साधनांनाच परमार्थाची रूपके केली. हत्याराविषयीचा हा आदर आपण खंडेनवमीस पूजा करून दाखवितो. त्या दिवशी हळदकुंकू वाहावे, पण पात्याला नव्हे, डब्याला. आणि त्याआधी वस्तरा उघडून, जुने तेल पुसून नवे लावावे. दुसरी पाहणी मृगापूर्वी करावी. वर्षातून दोनदा अशी पाव घटका खर्चिली, तर आजोबांचा वस्तरा नातवाच्याच नव्हे, त्याच्याही मुलाच्या हाती धारेसकट जाईल.