चेन पोत्यात नको, बरणीत

तुमच्यापैकी बऱ्याच गटांची आता अवजार बँक आहे. फवारणीचे पंप, कडबाकुट्टी, आणि काही ठिकाणी झाड कापायची मशीन, म्हणजे चेन सॉ. आमचा गट मुलुंडचा. आम्हाला शेती नाही, पण सोसायट्यांमधली झाडं छाटणारे माळी आमच्याच घरांतले. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात मुंबईत जागोजागी झाडं पडली, तेव्हा मशीनला मागणी आली आणि आम्ही एक घेतली. रायगडच्या तायांना वादळ काय ते सांगायला नको. आदल्याच वर्षी 3 जूनला निसर्ग वादळात तुमच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या.

मशीन कशी चालवायची ते शिकलेल्या माणसाकडूनच शिका. मी आज फक्त तिच्या सुट्या चेनबद्दल बोलणार आहे, कारण आमच्याकडे जखम झाली ती मशीन बंद असताना.

झालं असं. भाडेकरू दोन जादा चेन गोणपाटाच्या पोत्यात कोंबून परत देऊन गेला. मी पोतं उघडलं नाही. रजिस्टरमध्ये "परत, ठीक" लिहिलं आणि सही केली. दोन दिवसांनी आमच्या एका ताईने चेन काढायला पोत्यात हात घातला. दाते तागात अडकलेले, चेन निघेना, म्हणून तिने हिसका दिला. तर्जनीला चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. ताई साड्यांना फॉल-बिडिंग करते, तीन आठवडे काम बंद. बैठकीत सगळ्या भाडेकरूवर चिडल्या. पण सही माझी होती. दवाखान्याचा खर्च गटाने भाड्याच्या पैशातून दिला; बुडलेल्या मजुरीचं काय, यावर आमचे दोन महिने वाद चालले. शेवटी निम्मी दिली. मला विचाराल तर पूर्ण द्यायला हवी होती.

आता गुंता कसा सोडवायचा ते ऐका. गळ्यातली बारीक साखळी डब्यात ठेवली की तिला गाठी पडतात, कारण तिची दोन टोकं सुटी असतात. हुक लावून ठेवली तर पीळ पडतो, पण गाठ बसत नाही. मशीनची चेन तशीच, हुक लावलेली. तिला टोकच नाही. म्हणून ती कितीही गुंतलेली दिसली तरी आत गाठ नसते, नुसत्या घड्या आणि पीळ. ओढलं की घड्या आवळतात आणि दाता बोटात जातो.

जाड चामड्याचे हातमोजे घाला. फडकं गुंडाळून भागत नाही, दाते फडक्यात अडकतात. चेन फळीवर किंवा टेबलावर पसरा, मांडीवर नाही. आतली छोटी वेटोळी एकेक करून बाहेरच्या बाजूला सरकवा, म्हणजे मधली जागा मोठी होत जाते. शेवटी बांगडीसारखा एकच गोल उरला पाहिजे. कापणारे दाते बाहेर, आणि पट्टीच्या खाचेत बसणारी टोकं आत. कुठे दाते आत दिसले तर तिथे चेन उलटली आहे. तेवढा भाग दोन्ही हातांनी हळूहळू फिरवत आणा. मग प्रत्येक सांधा वाकतो का बघा. एखादा ताठ राहिला किंवा दुव्याला चीर दिसली, तर ती चेन भाड्याने देऊ नका. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

ठेवायच्या आधी ब्रशला थोडं डिझेल लावून चिकटलेला डिंक आणि भुसा काढा, चुलीपासून आणि विडीपासून लांब. पुसून कोरडी करा, तेलाचा हात फिरवा. आमच्याकडे जूनपासून हवेत इतका दमटपणा असतो की तेल न लावलेल्या चेनवर लगेच तांबूस थर येतो. तुमच्या कोकणातही तेच.

मग एक चेन, एक बरणी. लोणच्याची रुंद तोंडाची प्लास्टिकची रिकामी बरणी चालते, फक्त ती पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. बरणीवर चिठ्ठी लावा: कोणत्या मशीनची, पट्टी किती इंचाची, आणि आतली टोकं किती. ती मोजाच. दोन चेन दिसायला सारख्या असतात, पण टोकांची संख्या वेगळी असेल तर पट्टीवर बसत नाही. आम्ही अशी एक चुकीची चेन साडेसहाशे रुपयांना आणली होती. ती अजून पडून आहे.

आता आमच्याकडे मशीन देताना दोन कागद बघतो: झाड छाटायची महापालिकेची परवानगी, आणि अनामत रकमेची पावती. परत घेताना बरणी भाडेकरूसमोर उघडतो, मगच सही. हे काम त्याच ताईने मागून घेतलं आहे. तिचं बोट अजून पूर्ण वाकत नाही. फॉल लावताना ती सुई मधल्या बोटाने ढकलते.